रिअल आयडी "दोन मिनिटांचं काम"? कागद चोख असणाऱ्यांचंही अडतं

पाटावरवंटा (धागाकर्ता)
एका महाशयांनी लिहिलंय : "रिअल आयडी म्हणजे अमेरिकेचं आधार. पासपोर्ट आणि वीजबिल घेऊन जा, दोन मिनिटांचं काम. ज्यांचं अडतं त्यांचेच कागद गडबड असतात." शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून हा धागा.

आधार एक केंद्रीय संस्था देते. रिअल आयडी (केंद्राच्या निकषात बसणारं, ताऱ्याची खूण असलेलं राज्याचं लायसन्स किंवा ओळखपत्र) अशी कुठली एक संस्था देत नाही. केंद्राला राज्यांच्या नोकरांना राबवून घेता येत नाही (१९९७चा प्रिंट्झ खटला), म्हणून २००५च्या कायद्यात मागच्या दाराने अट आली : राज्यांनी लायसन्स हवं तसं द्यावं, पण आमच्या निकषात बसलं नाही तर विमानतळावर, फेडरल इमारतीत आणि अणुवीज केंद्रात आम्ही ते मानणार नाही. परिणाम असा की काउंटर राज्याचं, नियम होमलँड सिक्युरिटीचे आणि तुमचं स्टेटस कळतं यूएससीआयएसच्या (केंद्राच्या इमिग्रेशन खात्याच्या) 'सेव्ह' प्रणालीवरून. तिघांपैकी एकाची नोंद चुकली की लटकता तुम्ही.

एच-१बीवाल्यांचं (नोकरीच्या व्हिसावाल्यांचं) कुठे अडतं ते बघा. देशात राहूनच एक्स्टेन्शन (मुदतवाढ) झालं की नवी आय-९४ (कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) आय-७९७ए या मंजुरीपत्राच्या खालच्या भागात छापून येते. सीबीपीच्या (सीमा खात्याच्या) साइटवर जुनीच तारीख दिसत राहते. कारकुनाने साइटवरचा प्रिंट धरला तर लायसन्स जुन्या तारखेला संपतं. उलट, एक्स्टेन्शननंतर भारतात जाऊन आलात तर शेवटच्या प्रवेशाची आय-९४ खरी. आणि पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ तिथवरच देतो, हे सर्रास घडतं. कंपनीचं पिटिशन तीन वर्षांचं, लायसन्स सात महिन्यांचं! यात कागद गडबड कुणाचे?

खडूस_काका
एवढं रामायण कशाला? यादी वाचून गेलं की होतं काम. ओळख आणि जन्मतारखेचा एक कागद, एसएसएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक), राहत्या पत्त्याचे दोन पुरावे. दोन का, तेही ऐका. ९/११च्या अपहरणकर्त्यांपैकी काहींनी व्हर्जिनियात पत्त्याच्या खोट्या प्रतिज्ञापत्रांवर ओळखपत्रं काढली होती. ते भोक बुजवायलाच हवं होतं. कॅलिफोर्नियाने सुरुवातीला एकाच पुराव्यावर कार्डं वाटली, मग केंद्राने कान धरल्यावर लाखो लोकांना पत्रं पाठवत बसले.

रस्सावाटी
काका, त्या लोकांकडे पासपोर्टही होते. आजही कुठल्याही देशाच्या वैध पासपोर्टवर टीएसए (विमानतळावरची सुरक्षा) आत सोडतं. मग भोक बुजलं कुठे? आणि घाई किती होती बघा : अंमलबजावणीची मूळ तारीख ११ मे २००८, प्रत्यक्षात ७ मे २०२५. आता १ फेब्रुवारी २०२६पासून ओळखपत्र नसलं तर ४५ डॉलर भरा, दहा दिवस चालतं. राष्ट्राच्या सुरक्षेचं भाडं दिवसाला साडेचार डॉलर.

खडूस_काका
पैसे भरले की सोडतात असं नाही, त्याबदल्यात ओळख तपासतात. पटली नाही तर घरी. अर्धवट लिहू नका.

शेंगदाणा_कूट
मूळ प्रश्नाला धरून : एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांचं काय? बहुतेकांना काम करायची परवानगी नाही, म्हणून एसएसएन नाही. काही राज्यांना सोशल सिक्युरिटी ऑफिसचं नकारपत्र लागतं (एसएसए-एल६७६), म्हणजे आधी तिथली रांग. पत्त्याचे पुरावे सगळे नवऱ्याच्या नावावर. उपाय सोपा आहे, पण सहा आठवडे आधी करावा लागतो : भाडेकरारात रहिवासी म्हणून नव्हे तर भाडेकरू म्हणून नाव घाला, जॉइंट खात्याचं स्टेटमेंट मागवा, गाडीच्या विमा पॉलिसीत नाव लावा. पोस्ट बॉक्स चालत नाही, रस्त्याचा पत्ताच हवा.

उपनाव_रिकामं
खरा घोळ पत्त्याचा नाही, नावाचा आहे. आपल्या पासपोर्टवर रकाने दोनच : गिव्हन नेम आणि आडनाव. आपण 'संदीप वसंत' असं सगळं पहिल्यात कोंबतो. एसएसएन कार्डावर 'वसंत' मधलं नाव होतं, आय-९४वर ते पहिल्याच नावाचा भाग असतं. डीएमव्हीचा (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याचा) कारकून मनाला येईल तसं टाकतो. सेव्हची पहिली फेरी सेकंदांत होते. जुळलं नाही की प्रकरण माणसाकडे जातं आणि दिवस मोजत बसावं लागतं. आय-९४ क्रमांकाचंही तसंच. २०१९पासून त्यात नऊ अंक, मग एक अक्षर, मग एक अंक असतो. ते अक्षर 'ओ' असलं आणि शून्य टाइप केलं की नापास.

आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांची तर दैना. व्हिसावर एकुलतं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापतात. रिअल आयडीच्या नियमात (भाग ३७, कलम १७) स्पष्ट आहे : एकच नाव असेल तर ते आडनावात लिहा, बाकी रकाने रिकामे सोडा, एनए, एनएफएन वगैरे भराव घालू नका. तरी राज्यांच्या सॉफ्टवेअरला रिकामा रकाना सोसत नाही.

खडूस_काका
मग पासपोर्ट काढतानाच नाव नीट लिहावं! आणि लग्नानंतर अर्धे कागद माहेरच्या, अर्धे सासरच्या नावाने ठेवून डीएमव्हीवर डाफरायचं, ही तर खास आपल्या बायकांची तऱ्हा.

शेंगदाणा_कूट
वा काका! पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदलायला लावतं सासर, आणि तऱ्हा बायकांची? तुमचं नाव बारशापासून तेच आहे, म्हणून यादी सोपी वाटते.

पाटावरवंटा
दोघं जरा दमानं. नियम असा : कार्डावरचं नाव ओळखीच्या मूळ कागदाप्रमाणेच. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर लायसन्सही त्याच नावाने घ्या आणि मोकळे व्हा. बदललेल्या नावाने हवं असेल तर दोन नावं जोडणारा सरकारी कागद लागतो : विवाह नोंदणीचा दाखला, घटस्फोटाचा किंवा कोर्टाचा आदेश. मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींचं पत्र नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. महाराष्ट्र राजपत्रातली नावबदलाची जाहिरात काउंटरवर चालेल असं धरून जाऊ नका, कुठला कागद मानायचा ते राज्य ठरवतं. क्रम : पासपोर्ट, मग सोशल सिक्युरिटी, तिथली नोंद बदलायला दोन दिवस, मग डीएमव्ही. आय-९४ मात्र पुढच्या प्रवेशापर्यंत जुन्याच नावाची राहते, म्हणून जुना पासपोर्टही बरोबर न्या.

शेंगदाणा_कूट
म्हणजे बाईने चार खिडक्या फिरायच्या. हेच तर म्हणतेय.

खडूस_काका
बरं, तिन्ही नावं बदलणाऱ्यांचं दुखणं खरं आहे. पण ते रिअल आयडीचं नाही, आपल्या घरांचं आहे.

रस्सावाटी
काकांकडून एवढं मिळालं हीच दिवाळी. माझं मत तेच : एच-१बीवाल्याने ताऱ्यामागे धावू नये. लायसन्स लागतंच, तारा मिळाला तर घ्या, नाहीतर विमानासाठी भारतीय पासपोर्ट आहे.

उपनाव_रिकामं
दर देशांतर्गत फेरीला पासपोर्ट फिरवायचा? हरवला तर नवा पासपोर्ट आणि त्यातला व्हिसाही गेला. शिक्का घ्यायला देशाबाहेर जावं लागतं. घरी ठेवण्यासाठीच तर तारा हवा.

रस्सावाटी
१८ वर्षांवरच्या परकीयाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा कायदा आहेच, त्यामुळे आय-९४ तरी खिशात हवी. पण पासपोर्ट हरवण्याचा मुद्दा... ठीक, तेवढा घ्या तुम्ही.

पाटावरवंटा
शिवाय ताऱ्याची मुदत अधिकृत मुक्कामाएवढीच, आणि कार्डावर तसं छापलेलंही असतं. मुक्कामाला ठरावीक शेवट नसेल तर एक वर्ष. एफ-१च्या (विद्यार्थी व्हिसाच्या) आय-९४वर तारीखच नसते, तिथे काही राज्यं आय-२०ची (कॉलेजच्या फॉर्मवरची) तारीख धरतात. ग्रीन कार्डाचा अर्ज (आय-४८५) नुसता दाखल असला तरी कायदा पात्र धरतो. एच-१बी एक्स्टेन्शन नुसतं दाखल असेल तर कायद्यात तसा उल्लेख नाही, राज्यागणिक उत्तर वेगळं. आय-९४ संपायच्या आत निकाल हवा असेल तर कंपनीला प्रीमियम प्रोसेसिंग (जादा फी भरून लवकर निकाल) करायला लावा.

नवा_गडी
सगळं वाचलं नाही, पण मिशिगनमध्ये म्हणे एन्हान्स्ड लायसन्स मिळतं, कॅनडालाही चालतं. एच-१बीवर तेच काढू का?

खडूस_काका
नाही. ते मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टनमध्ये, फक्त नागरिकांना. वर वाचा.