दुखऱ्या मनगटासाठी स्वयंपाकाची भांडी कशी निवडावीत?

प्रश्न (निपाणी)

आमचे सहा माणसांचे घर असून दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच करते. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाच्या त्याच बाजूला दुखते. डॉक्टरांनी तपासून अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाला सूज असल्याचे सांगितले, पट्टा बांधायला दिला आणि जड भांडी एका हाताने उचलू नका असे बजावले. घरात भाकरीसाठी बिडाचा तवा, सांडशीने उतरवावी लागणारी स्टीलची बिनकानाची पातेली आणि पाच लिटरचा लांब दांड्याचा कुकर आहे. दिवाळीपूर्वी बेळगावला जाऊन काही भांडी बदलावीत असा विचार आहे, परंतु सगळी एकदम बदलणे परवडणार नाही. आधी काय बदलावे? नुसती ॲल्युमिनियमची हलकी भांडी घेऊन भागेल का? आमच्याकडे चिंचेची आमटी वरचेवर होते आणि गॅसबरोबर इंडक्शनची शेगडीही वापरतो.

उत्तर १ (बेळगाव, भांड्यांचा व्यवसाय)

ताई, एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमचे वजन 2.7 ग्रॅम भरते, तर स्टेनलेस स्टीलचे सुमारे 8 ग्रॅम. म्हणून सारख्याच जाडीचे भांडे ॲल्युमिनियममध्ये तिपटीच्या आसपास हलके होते. मात्र साध्या ॲल्युमिनियमला चिंच, कोकम, टोमॅटो यांचा आंबटपणा सोसत नाही आणि पदार्थाला धातूची चव येते. आमटीसाठी हार्ड ॲनोडाइज्ड भांडे घ्यावे, कारण त्याचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो. इंडक्शनवर मात्र ज्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडे तापते, तेव्हा खरेदीला येताना एखादा लहान चुंबक सोबत आणावा. ट्रायप्लाय भांड्यात स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम असते. त्यामुळे आमटी तळाला लागत नाही, पण ते पातळ स्टीलपेक्षा जड असते. बिडाच्या तव्याऐवजी पत्र्याचा लोखंडी तवा घ्यावा, असे मी सुचवीन.

आणखी एक विनंती आहे. रिकामे भांडे हातात तोलून निर्णय घेऊ नका. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणजे तीन लिटर आमटीचे पातेले स्वतः कितीही हलके असले तरी तीन किलोंच्या वरच जाते. दुकानात पाणी मागा, भांडे भरा आणि मग उचलून पाहा. कोणताही भला दुकानदार त्याला हरकत घेणार नाही.

उत्तर २ (बेळगाव, फिजिओथेरपिस्ट)

वजनाइतकेच महत्त्व ते वजन हातापासून किती लांब आहे याला असते. भरलेली घागर बायका कमरेवर घेऊन चालतात, पण तीच हात लांब करून धरता येत नाही. लांब दांड्याच्या कुकरमध्ये किंवा कढईत सगळा भार मुठीपासून वीतभर पुढे असतो आणि भांडे खाली झुकू नये म्हणून मनगटाला सतत वर ओढावे लागते. समोरासमोर दोन कान असलेल्या भांड्यात हाच भार दोन्ही हातांच्या मधोमध येतो.

तुमच्या दुखण्यात मला सर्वांत जास्त काळजी सांडशीची वाटते. काठ पकडून ठेवण्यासाठी अंगठा आणि बोटे आवळावी लागतात, त्याच वेळी मनगट करंगळीच्या बाजूला झुकते, आणि ज्या कंडरांना सूज आहे त्यांच्यावर नेमका हाच ताण सर्वाधिक पडतो. म्हणून धातू कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी बिनकानाची पातेली बदला. कान रिबिटांनी पक्के बसवलेले असावेत आणि जाड फडके धरूनही चार बोटे आत जातील एवढे मोठे असावेत. दांडा असलेच तर तो साधारण तीन ते चार सेंटिमीटर जाडीचा, गोलसर असावा. बारीक पट्टीसारखा दांडा धरायला मूठ अधिक घट्ट आवळावी लागते. झाऱ्याच्या किंवा उलथण्याच्या दांड्यावर, आचेपासून दूर, सुती कापडाचे वेढे घेतले तरी फरक पडतो.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येऊ लागल्या तर ते वेगळे दुखणे असू शकते. तेव्हा पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

उत्तर ३ (खानापूर)

तव्याच्या बाबतीत मी पहिल्या उत्तराशी सहमत नाही. भाकरीचा तवा चुलीवरून किंवा शेगडीवरून हलवावा लागतच नाही. बिडाचा तवा जड असल्यामुळे जागचा सरकत नाही आणि भाकरी उलटताना दुसऱ्या हाताने तो धरून ठेवावा लागत नाही. तो पूर्ण थंड होईपर्यंत तिथेच राहू द्या, जागेवरच ओल्या फडक्याने पुसा, आणि हलवायचाच झाला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगा. पत्र्याच्या तव्यावर पैसे घालवण्यापेक्षा ते कुकरवर घाला. आमच्या खानापूरच्या मातीच्या भांड्यांतही आमटी फार चांगली होते, पण ती जड असतात, त्यामुळे उतरवण्याच्या कामासाठी मी ती तुम्हाला सुचवणार नाही.

पाच लिटरच्या एका कुकरऐवजी तीन लिटरचा, समोर आधाराचा आखूड कान असलेला कुकर घ्या आणि वरण व भात वेगवेगळे लावा. वेळ थोडा जास्त जातो. वाफ आपोआप जिरू द्या, आणि वरण पळीने दुसऱ्या भांड्यात काढा, कुकर तिरका करून ओतू नका.

भाकरीचे पीठ मळतानाही मनगट दुमडते. उंच ओट्यावर परात ठेवली की तळहात मागे वळतो; परात कमरेच्या थोडी खाली येईल अशा बुटक्या टेबलावर ठेवली तर कोपर सरळ राहतो. ज्वारीच्या पिठात उकळते पाणी घालून ते झाकून ठेवले की थोडक्या मळण्यात पीठ एकजीव होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर (निपाणी)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. तवा ठेवते. दोन कानांची ट्रायप्लाय पातेली आणि लहान कुकर एवढेच आता घेईन. तीन लिटरच्या पातेल्याऐवजी दोन लिटरची दोन घ्यावीत का?

उत्तर २ (बेळगाव, फिजिओथेरपिस्ट)

होय, दोनच घ्या, आणि प्रत्येकात दीड लिटरच्या वर आमटी करू नका. कान धातूचे असतील तर तेही तापतात, म्हणून दोन जाड फडकी शेगडीजवळ टांगून ठेवा.