चर्चा: घरच्या रेकॉर्डिंगसाठी नवा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, की आहे तोच बरा?

भूपाळी
नमस्कार मंडळी. ठाण्यात फ्लॅटच्या एका खोलीत बसून मी ऑडिओबुकं वाचते. अधूनमधून सासऱ्यांच्या पेटीसोबत नाट्यपदंही रेकॉर्ड होतात. माइक शुअर एसएम७बी. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) दोन इनपुटांचा, काही वर्षं वापरलेला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा ब्रँडवर घसरते. त्याचा गेन, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवायची ताकद, जास्तीत जास्त ५६ डेसिबल. शोकप्रसंग, पत्रं, स्वगतं असं हळू वाचायचं असलं की गेनचा नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो, आणि नंतर आवाज वाढवला की मागे बारीक ‘स्स्स’ ऐकू येतो. २०२३ साली आलेल्या फोकसराइट स्कारलेट २आय२ या इंटरफेसच्या चौथ्या पिढीत ६९ डेसिबल गेन आहे. तीस हजार बाजूला काढलेत. माझं मन ‘घ्यावा’कडे झुकलंय, म्हणूनच उलट बाजू ऐकायची आहे.

ओहम शांती
घेऊ नका. गेन वाढला म्हणजे ‘स्स्स’ कमी झाला असं होत नाही. गेन कमी पडला तर २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये आवाज मागाहून वाढवता येतो, त्याने काही बिघडत नाही. प्रश्न आहे प्रीअँपच्या, म्हणजे इंटरफेसमधल्या गेन देणाऱ्या भागाच्या, स्वतःच्या नॉइजचा.

गणित करू. (डीबीव्ही आणि डीबीयू ही सिग्नलची पातळी मोजायची दोन एककं.) तुमच्या माइकची संवेदनशीलता उणे ५९ डीबीव्ही, ९४ डेसिबल आवाजाला. प्रीअँपचा इनपुट नॉइज उणे १२८ डीबीयूच्या आसपास धरा, म्हणजे साधारण उणे १३० डीबीव्ही. दोघांत फरक ७१चा. ९४ मधून ७१ गेले, उरले २३. म्हणजे तुमचा प्रीअँप जी काही भर घालतो ती खोलीत २३ डेसिबलचा आवाज असावा इतकीच. ठाण्यात मध्यरात्री पंखा बंद करून तरी खोली तिशीच्या खाली जाते का? तुम्हाला ऐकू येतेय ती खोली. पैसे भिंतींवर घाला.

काळी चार
ओहमकाका, गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. खोलीचा आवाज म्हणजे रहदारीची, लिफ्टची, शेजारच्या पंपाची घरघर. ती खालच्या पट्टीत असते आणि ८० हर्ट्झच्या आसपास फिल्टर लावला की बरीचशी जाते. प्रीअँपचा ‘स्स्स’ वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, नेमका ‘स’, ‘श’, ‘च’च्या शेजारी. तिथे फिल्टर लावला तर शब्दच बोथट होतात. २३ आणि ३० हे आकडे शेजारी मांडून उपयोग नाही, दोन्हींची जात वेगळी.

ओहम शांती
मुद्दा मान्य. पण मग नव्या डब्याने काय होणार? चौथ्या पिढीचा इनपुट नॉइजसुद्धा त्याच १२७-१२८च्या घरातला आहे. वाढलाय तो गेन. आणि १५० ओहमच्या रेझिस्टरचा नुसता उष्णतेमुळे होणारा नॉइज उणे १३१ डीबीयूच्या आसपास असतो. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. लाखाचा प्रीअँप आणा, सुधारणेला वाव तीनचार डेसिबलचा. तोंड माइकपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर ७-८ वर आणा, सहा डेसिबल फुकट मिळतात. जवळ गेल्यावर आवाजात खर्ज वाढेल, पण एसएम७बीच्या पाठीवर तो कमी करायचा स्विच आहे. ‘प’, ‘फ’चा फटका बसू नये म्हणून जरा तिरकं बसा.

चहाबिस्कीट
२४ बिट १९२ किलोहर्ट्झवाला घ्या, क्लॅरिटी वाढते.

ओहम शांती
इथे किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे ते. वाचनाच्या आवाजाला ४८ पुरे. १९२ने फक्त हार्ड डिस्क भरते.

भूपाळी
निर्मात्यांचा निकष एसीएक्स या ऑडिओबुकांच्या मंचासारखाच आहे: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, नॉइज उणे ६०च्या खाली. माझं काम त्यात बसतं, पण काठावर. फाइल कुणी परत पाठवलेली नाही. मलाच ऐकवत नाही.

काळी चार
ताई, तुम्ही ‘नाट्यपदंही’ म्हणालात आणि इथे सगळे वाचनावरच अडकलेत. गाताना हेडफोनात स्वतःचा आवाज किती उशिरा येतो ते बघा. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ नमुन्यांचा ठेवलात तर ४८ किलोहर्ट्झला जायचे ५.३ मिलिसेकंद, यायचे ५.३, वर ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) यांचे. बारा तरी होतातच. हवेत आवाज बारा मिलिसेकंदांत चार मीटर जातो. पेटीवाला चार मीटर लांब बसवून तुम्ही गाण्यातल्या जागा घ्याल का? ड्रायव्हर चांगला असेल तर बफर ६४वर आणता येतो, प्रत्येक बाजूला १.३ मिलिसेकंद. जुन्या इंटरफेसवर ६४ लावला की माझ्याकडे तडतड सुरू व्हायची. मी बदलला तो गेनसाठी नाही, ड्रायव्हरसाठी. माझं मत: घ्या, पण कारण बदला.

ओहम शांती
डायरेक्ट मॉनिटरचं बटण कशाला दिलंय मग? आवाज कॉम्प्युटरात न जाता थेट हेडफोनात येतो, उशीर शून्यच म्हणा.

काळी चार
येतो, आणि कोरडा ठणठणीत येतो. रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा) नाही, काही नाही. असा कोरडा आवाज कानात घेऊन आलाप करून बघा काका. गायक घाबरून जोर लावतो आणि सूर चढतो.

ओहम शांती
त्यालाही उपाय आहे. आवाज डायरेक्ट मॉनिटरमधून घ्या आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब सोडा, मूळ आवाज बंद. रिव्हर्ब बारा मिलिसेकंद उशिरा आला तर काय बिघडलं? सभागृहात तो तसाही उशिराच येतो. एक पैसा खर्च नाही.

काळी चार
हे जमतं, मी केलंय. पण दर वेळी सेशन उघडून हे जुळवायचं, आणि शेजारी सासरे पेटी उघडून ‘झालं का?’ विचारतायत. सोय नावाची काही किंमत असते की नाही? तीस हजार ही काही लोकांच्या दृष्टीने सोयीची रास्त किंमत आहे.

डग्गा
दोघंही मूळ गोष्ट सोडून भांडताय. गळा एक, पेटी एक, झाले दोन इनपुट. उद्या तबला आला की डग्ग्याला एक आणि उजव्या तबल्याला एक असे दोन माइक लागतात. एकात भागवता येतं, पण मग डग्गा दबतो आणि मिक्समध्ये वर काढता येत नाही. दोन इनपुटांचा देऊन दोन इनपुटांचाच नवा घेणं मला पटत नाही. थांबा, आणखी पैसे साठवा आणि चार प्रीअँपचा घ्या. ऑप्टिकल इनपुट असलेला मिळाला तर उत्तम. पुढे त्याला एडॅटवर (एका ऑप्टिकल केबलमधून अनेक चॅनल नेणारी पद्धत) आठ प्रीअँपचा डबा जोडता येतो, ४८ किलोहर्ट्झला आठही चॅनल चालतात.

भूपाळी
तबला आमच्याकडे वर्षातून एकदा येतो, गणपतीत. त्यासाठी चार इनपुट नकोत.

डग्गा
म्हणूनच एकदाच येतो!

ओहम शांती
😀 भूपाळी, आधी खात्री करून घ्या. माइक गोधडीत गुंडाळा, कपड्यांच्या कपाटात ठेवा, दार लावा, गेन पूर्ण चढवून मिनिटभर रेकॉर्ड करा. मग खोलीत नेहमीच्या जागी तेच करा. कपाटात ‘स्स्स’ कमी झाला तर दोष खोलीचा. तेवढाच राहिला तर प्रीअँपचा. लॅपटॉपचा चार्जरही काढून ठेवा, आपल्याकडच्या अर्थिंगचा भरवसा नाही.

भूपाळी
केलं. कपाटात घरघर पूर्ण गेली. ‘स्स्स’ होता तिथेच आहे.

काळी चार
म्हणजे प्रीअँप. बोला काका.

ओहम शांती
प्रीअँपच. हे मी मानतो, आणि खोलीवर खर्च करा म्हणालो होतो ते आता दुय्यम. पण ‘नवा घेऊन तो जाईल’ हे अजून कुणी दाखवलेलं नाही. प्रीअँपमध्ये पूर्ण गेनला बिचकणारा, शेवटच्या टप्प्यात नॉइज वाढवणारा दोष असेल, तर क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर लावून बघता येईल. तो फँटम पॉवरवर (इंटरफेस माइकच्या केबलमधून देतो ती वीज) चालतो आणि २५ डेसिबल देतो, म्हणजे नॉब अर्ध्यावर ठेवता येतो. प्रीअँप मुळात ठीक असेल तर त्यानेही फारसा फरक पडणार नाही. जवळ बसून वाचून पाहिलंत का?

भूपाळी
पाहिलं. फरक आहे, चांगलाच. पण हळू वाचताना माझी मान हलते, वाक्यागणिक अंतर बदलतं आणि आवाजाचा पोत वरखाली होतो. चार तास तसं बसणं कठीण आहे.

डग्गा
माझ्याकडे चौथ्या पिढीचा २आय२ आहे. डोंबिवलीला या रविवारी, तुमचा डबा आणि माइक घेऊन. शेजारी शेजारी लावून ऐकू. सासऱ्यांनाही आणा, पेटीसकट.

ओहम शांती
उत्तम. माइक स्टँडवर, अंतर सुतळीने मोजून, आणि दोन्ही फाइलींची पातळी सारखी करून इथे टाका. कुठली कुणाची ते लिहू नका. काळी चार यांनी ओळखून दाखवावं.

काळी चार
वाचनाच्या फाइलीपुरतं मान्य. पण गाताना हेडफोनात काय ऐकू येतं ते फाइलीत उतरत नाही काका. ते ताईंनाच विचारावं लागेल.