४१ वर्षांच्या भावाला ग्रुप होममध्ये राहायला न्यायचं आहे. तयारी कशी करावी?

तळ्याकाठ
नमस्कार. प्रश्न मोठ्या भावाबद्दल आहे. वय ४१, मध्यम बौद्धिक अक्षमता, सोबत फिट्स. फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. ठाण्यात नौपाड्याला आईबाबांकडे राहतो. आई ७१, बाबा ७६, मध्य रेल्वेतून निवृत्त. दिवसा एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो. सांगितलं की आंघोळ करतो, पण पाणी किती गरम हे कळत नाही. पैशांचा हिशेब येत नाही. बोलणं दोन-तीन शब्दांचं, आम्हाला कळतं, बाहेरच्यांना नाही.

खारघरला एका संस्थेचं ग्रुप होम आहे. मोठ्या सोसायटीतला साधा फ्लॅट, ५ पुरुष आणि केअरटेकर. आईबाबांचे हातपाय चालताहेत तोवर त्याला तिथे रुळवावं असं ठरतंय. जागा बघताना नेमकं काय विचारायचं, हलवायचं कसं, औषधांचं काय, आणि घर ठाण्यात नि ग्रुप होम खारघरात असताना पालकत्वाचा अर्ज कुठे करायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खाडीपलीकडे
आईवडील असतानाच हलवताय हे फार चांगलं. आई गेल्यावर महिन्याभरात घाईने हलवलं की माणसाचं घर आणि आई एकदमच जातात, आणि बहुतेकदा तिथेच सगळं बिनसतं.

जागा सकाळी ११ वाजता बघू नका. तेव्हा सगळे कामावर असतात आणि घर लख्ख दिसतं. संध्याकाळी ६ ते ८ मध्ये, शक्यतो केअरटेकरच्या सुट्टीच्या दिवशी जा. स्वयंपाक चालू असताना राहणारे काय करतात ते बघा. कोणी मटार सोलतंय, कोणी ताटं मांडतंय, तर घर चांगलं. पाचही जण टीव्हीसमोर ओळीने बसलेत आणि ताट हातात येतंय, तर सहा महिन्यांत तुमच्या दादाला आज येतं तेही येईनासं होईल. दुष्टपणा नसतो त्यात, केअरटेकरने स्वतः केलं की काम १० मिनिटांत उरकतं, त्याच्याकडून करून घेतलं की ४० मिनिटं लागतात. म्हणून संध्याकाळच्या पाळीला माणसं किती, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

मग हे विचारा: रात्री केअरटेकर जागा असतो की झोपतो, झोपत असेल तर कुठे? (फिट्स असलेल्या माणसासाठी याचं उत्तर पक्कं हवं.) वर्षभरात किती केअरटेकर बदलले? कपाटाची किल्ली राहणाऱ्याकडे असते का? आज कोणता शर्ट घालायचा हे कोण ठरवतं? फ्रिजला कुलूप आहे का, असेल तर कोणासाठी? रुग्णालयात भरती करावं लागलं तर रात्री सोबत कोण बसणार आणि त्याचे पैसे कोण देणार? हा शेवटचा मुद्दा करारात जवळजवळ कधीच लिहिलेला नसतो आणि भांडणं त्यावरूनच होतात. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. मागायला संकोच नको.

आता नव्या केअरटेकरसाठी दादाच्या माहितीचा कागद. "सांगितलं की आंघोळ करतो" हे नव्या माणसाच्या काहीच उपयोगाचं नाही. काय सांगितलं की? कोणत्या शब्दांत? एकदा की चारदा? प्रत्येक कामाच्या पायऱ्या पाडा आणि प्रत्येक पायरीपुढे मदत लिहा: स्वतः करतो, तोंडी सांगावं लागतं, खूण करावी लागते, हात धरून करवावं लागतं. आंघोळीचं उदाहरण घ्या. बादलीला आतून दोन लाल पट्ट्या चिकटवा, एक अर्ध्यावर, एक त्याच्या वर चार बोटं. आधी गार पाणी खालच्या पट्टीपर्यंत, मग गीझरचं वरच्या पट्टीपर्यंत. क्रम उलटा कधीच नाही, कारण गरम पाणी आधी पडलं की हात आधी बादलीत जातो. गीझरचा काटा ५० अंशांवर ठेवायचा आणि कोणी हलवायचा नाही. थंडीत कोणीतरी तो ६५ वर नेतं आणि पट्ट्यांचं माप चुकतं, म्हणून केअरटेकरने रोज कोपर बुडवून बघायचंच. बसायला प्लास्टिकचं स्टूल. फिट्स असल्यामुळे दाराला आतून कडी नको. बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच लावा, म्हणजे त्याचा आडोसाही राहतो.

नवं काम शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा. इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात: सगळी तयारी केअरटेकर करणार, दादा फक्त खटका खाली दाबणार. भात झाला की तो त्याने केलेला असतो, हे त्याला पहिल्याच दिवशी मिळतं. खटका जमला की झाकण आणि खटका. मग पाणी (५ जणांना ३ वाट्या तांदूळ, ६ वाट्या पाणी, तीच वाटी). तांदूळ धुणं सगळ्यात शेवटी. पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलं की माणूस मध्येच कंटाळतो आणि भात मात्र दुसऱ्याच कोणीतरी केलेला असतो. गॅसची शेगडी फिट्स आहेत तोवर नकोच.

बोलण्याचं वेगळं पान करा. दोन रकाने: तो काय करतो, त्याचा अर्थ काय. पोटावर हात मारला म्हणजे भूक की पोटदुखी, चप्पल घालून दाराशी उभा राहिला म्हणजे फिरायला जायचंय की कोणाचा राग आलाय. २५-३० नोंदी सहज होतील. आईला विचारून लिहा, तिला सगळ्यात जास्त माहीत असतं.

हलवताना पहिले दोन आठवडे नुसता संध्याकाळचा चहा. मग रविवारचं जेवण. मग शनिवारची एक रात्र, मग शुक्रवार ते रविवार, मग सलग आठवडा. सगळं मिळून दोन ते तीन महिने धरा. एखादी पायरी बिघडली तर तिथेच थांबा, मागे जाऊ नका. त्याची चादर, स्टीलचा पेला, उशी सोबत. खोलीत कालनिर्णय टांगा आणि घरी यायच्या तारखांवर त्याच्या हाताने खूण करून घ्या. कार्यशाळा निदान पहिले सहा महिने तीच ठेवा, प्रवास वाढला तरी. घर आणि काम एकाच वेळी बदलू नये.

फोन रोज, ठरलेल्या वेळी, ५ मिनिटं. अवेळी फोन आणि न सांगता भेटी नकोत.

एक बारीक गोष्ट. ५ पुरुषांच्या घरात सगळे बनियन पांढरे असतात. नाव शाईने लिहिलं तर धुण्यात जातं. गळ्याच्या पट्टीला आतून एकाच रंगाच्या दोऱ्याचे चार टाके घाला. त्याला वाचता येत नसलं तरी स्वतःचा रंग ओळखून कपडे उचलता येतात.

औषधवही
फोनबद्दल थोडं वेगळं मत. रोजच्या फोनने काही जण ७ वाजल्यापासून दाराशी येरझाऱ्या घालतात आणि जेवत नाहीत. तसं दिसलं तर आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, तोही जेवणानंतर. दादा कसा वागतो ते बघून ठरवा.

औषधांबद्दल लिहिते. ग्रुप होममध्ये सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याला. त्यामुळे प्रत्येकाची ७ दिवसांची डबी वेगळी, झाकणावर नावाऐवजी फोटो, आणि एका वेळी एकच डबी बाहेर. बाकीच्या कपाटात बंद. औषध दिल्याची सही करायची ती त्याने गोळी गिळल्यावर, हातात दिल्यावर नाही. डबी आठवड्यातून एकदा एकाने भरायची, दुसऱ्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघायची. १५ दिवसांचा जादा साठा कायम हवा. जुलैमध्ये पाणी तुंबलं की दुकान गाठता येत नाही, आणि व्हॅल्प्रोएट अचानक तुटलं तर फिट येणारच असं समजा.

गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची असेल तर चुरडून वरणभातात कालवू नये. दुकानदाराने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळी चुकली तर काय करायचं, गोळीनंतर लगेच उलटी झाली तर काय, हे आत्ताच डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून लावा. रात्री १० वाजता नव्या केअरटेकरने कोणाला विचारायचं? या औषधाने वजन वाढतं. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा यकृताची व प्लेटलेट्सची तपासणी.

फिट आली तर घड्याळ बघायचं, आजूबाजूची वस्तू बाजूला करायची, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा-चप्पल नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. ५ मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली तर १०८. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारा. ठेवलात तर प्रत्येक पाळीतल्या माणसाला तो वापरता आला पाहिजे.

आणि वागणं अचानक बदललं (मारणं, चावणं, रात्री न झोपणं) तर मनोविकाराची गोळी मागण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठ आणि लघवी तपासा. थोडं बोलणाऱ्या माणसाचं दुखणं असंच बाहेर येतं. नोंदवहीत तीन रकाने ठेवा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांना खूप उपयोगी पडतात. संडासला झाली की नाही याची रोजची खूण त्याच वहीत.

कोर्टनाका
पालकत्वाचं आधी करा, आणि दादा ठाण्यात राहतोय तोवर करा. नवी मुंबई दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, खारघर-कामोठे-पनवेल रायगड. अर्ज दिव्यांग व्यक्ती जिथे राहते त्या जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो, म्हणजे आज ठाणे जिल्हाधिकारी कार्यालय, खारघरला गेल्यावर अलिबाग. हा हेलपाटा टाळता येतो.

१८ पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत बँकेच्या खिडकीशी गेल्यावरच कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ च्या कलम १४ खाली अर्ज करायचा. हा कायदा बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे, म्हणजे दादा त्यात बसतो. ७६ वर्षांच्या बाबांना पालक नेमून पुन्हा चार वर्षांनी बदलण्यापेक्षा तुम्हीच पालक व्हा, आईबाबांची संमती जोडा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र), जन्मतारखेचा पुरावा, रहिवासाचा पुरावा तयार ठेवा. नेमणूक झाल्यावर ६ महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत जमाखर्च द्यावा लागतो. हे कोणी सांगत नाही. त्याच्या खात्यातून ग्रुप होमची फी जात असेल तर पावत्या पहिल्या महिन्यापासून जपा. बँका पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर खातं उघडून देतात.

बाबा रेल्वेतले, तर दिव्यांग मुलाला आईबाबांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव बाबांच्या हयातीत पीपीओमध्ये (निवृत्तिवेतनाच्या आदेशात) चढवून घ्या. नंतर अपंगत्व आणि अवलंबित्व सिद्ध करताना सगळं नव्याने सुरू होतं. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा घ्या: १ लाखापर्यंत संरक्षण, आधीपासूनच्या आजारांसाठी वैद्यकीय चाचणी लागत नाही, नूतनीकरण दरवर्षी. मूळ बिलं त्याच्याच नावाची हवीत.

नौपाड्याचं घर मृत्युपत्राने थेट दादाच्या नावे करू नका, तो ते भाड्याने देऊ शकणार नाही. १८८२ च्या न्यास कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करून त्यात त्याचा वाटा ठेवा. निदान दोन विश्वस्त, त्यातला एक तुमच्यापेक्षा लहान. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, तेवढ्यावर थांबू नका.

तळ्याकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. लाल पट्ट्या आजच आणते. अजून दोन प्रश्न: कार्यशाळेला लोकलने जावं लागेल, ते शिकवता येईल का? आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तेव्हा त्याला घरी आणावं की नाही? पहिलंच वर्ष असेल.

खाडीपलीकडे
लोकल सोबत्याबरोबरच. फिट्स असताना एकट्याने फलाटावर उभं राहणं नको. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मासिक पासात ५० टक्के सवलत त्यालाही मिळते आणि सोबत्यालाही. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या) गाड्या ९ आणि १० नंबरवरून सुटतात, तिथे नेहमी एकाच खांबाजवळ उभं राहायचं, दिव्यांग डबा येतो तिथे. खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेलं लॅमिनेट कार्ड, शर्टाच्या खिशात नाही तर पँटच्या, कारण वाकल्यावर शर्टातून पडतं. पास त्याच्याच हातात द्या. पैसे रोज दहाच्या दोन नोटा, चहाचे, एकाच टपरीवर.

गणपतीला नक्की आणा. फक्त कालनिर्णयवर येण्याच्या आणि परतण्याच्या दोन्ही तारखांना खूण हवी. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून परत न्या, रात्री नको.

औषधवही
आणि जागरण नको. झोप मोडली की फिट येते. भजनाला बसू दे, पण १० वाजता आतल्या खोलीत झोपवा. दोन दिवसांच्या गोळ्या डबीसकट आणा, सहीचा कागदही सोबत. आईला सांगून ठेवा की पाहुणे कितीही असले तरी संध्याकाळची गोळी आरतीच्या आधी.