अनुभव धागा : बास्केटबॉलमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, आणि कशावरून?

मायकल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, हा वाद सगळ्यांनीच घातलाय. इथे नुसतं नाव नको. काय पाहिलंत, काय खेळलात आणि त्यातून तुमची मोजपट्टी कशी ठरली, ते लिहा.

*

जॉर्डन. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९९८ च्या फायनल मालिकेचा सहावा सामना आम्ही भावंडांनी पहाटे उठून केबलवर पाहिला. युटाच्या घरच्या कोर्टवर जॉर्डनचा शिकागो संघ तीन गुणांनी मागे, मिनिटभरही उरलेलं नाही. त्याने लेअप (बास्केटजवळ जाऊन टाकलेला चेंडू) टाकला, मग मागून येऊन युटाच्या कार्ल मलोनचा चेंडू काढून घेतला आणि ५.२ सेकंद उरताना जम्प शॉट. ८७-८६. सहा फायनल, सहा विजेतेपदं, सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच. शेवटचा चेंडू कुणाच्या हातात द्याल, एवढंच मी विचारतो.

*

मी कॉलेजच्या संघात सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू, होते; म्हणून माझं मत बॉस्टनचा सेंटर बिल रसेलला. आम्हा उंच मुलींना ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) म्हणजे चेंडू जोरात बाहेर भिरकावणं वाटायचं. टाळ्या मिळतात, पण चेंडू परत समोरच्या संघाकडेच जातो. रसेल तो अलगद आपल्याच सहकाऱ्याकडे वळवायचा आणि तिथूनच बॉस्टनचा फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, सुरू व्हायचा. हे जमायला किती वेळ लागतो, ते मी अनुभवलंय. आमच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल चढायचे, ब्लॉकला रकानाच नसायचा. एनबीएमध्येही ब्लॉक अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ पासून, आणि रसेल १९६९ मध्येच निवृत्त झालेला! १३ हंगामांत ११ विजेतेपदं, त्यातली शेवटची दोन खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी. सामन्यामागे गुण जेमतेम १५. गुणांवरून श्रेष्ठता ठरवणाऱ्यांना तो दिसणारच नाही.

*

२०१६ मध्ये मी ओहायोत शिकत होतो. फायनल मालिकेत लेब्रॉनचा क्लीव्हलंड संघ १-३ ने मागे होता, तेही त्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटसमोर. सातव्या सामन्यात ८९-८९ असताना लेब्रॉनने इग्वोडालाचा लेअप मागून धावत येऊन बोर्डवर अडवला. शहराला ५२ वर्षांनी विजेतेपद मिळालं, रस्त्यावर अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. त्या मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या पाचही बाबतींत दोन्ही संघांत तोच पहिला. एकच माणूस सगळं करतो, याहून वेगळी कसोटी मला सुचत नाही.

*

करीम अब्दुल-जब्बारचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? सहा वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी. त्याचा स्कायहूक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट, मी अजून घोटतोय.

*

आणि अमेरिकेच्या महिला संघाची डायना टॉरासी? २००४ ते २०२४, सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं. माझी मुलगी तिच्यासारखा थ्री (लांबून टाकायचा तीन गुणांचा शॉट) टाकायला शिकतेय. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हटलं की फक्त पुरुषच मोजायचे, हे मला पटत नाही.

*

रसेलबद्दल एक शंका. त्याच्या सुरुवातीच्या काळात लीगमध्ये आठच संघ होते. विजेतेपद सोपं नव्हतं का?

*

माझ्या मते उलट. आठच संघ म्हणजे चांगले खेळाडू थोड्याच जागांत एकवटलेले. विल्ट चेंबरलेन, ज्याने १९६२ मध्ये एका सामन्यात १०० गुण केले, तो एकाच हंगामात पुन्हा पुन्हा समोर यायचा. आणि निर्णायक सातव्या सामन्यांत रसेल एकदाही हरला नाही, दहापैकी दहा जिंकला.