चर्चा : ‘स्टॅक’ हातातून सुटत का नाही?

फोंड्याहून :
२०१६ मध्ये केचअ‍ॅप कंपनीने आणलेला ‘स्टॅक’ हा मोबाइलवरचा खेळ तुम्ही खेळला असाल. लादी इकडून तिकडे सरकते, नेमक्या क्षणी स्क्रीनला बोट लावलं की खालच्या लादीवर बसते. बाहेर राहिलेला तुकडा कापला जातो आणि पुढची लादी तेवढीच अरुंद येते. गोष्ट नाही, पातळ्या नाहीत. माझ्या मते सगळी ओढ त्या कापण्यात आहे. चूक झाली तरी खेळ लगेच संपत नाही, फक्त जागा कमी होते आणि त्या चुकीवरच पुढचा मनोरा उभारावा लागतो. सलग अचूक लाद्या बसल्या की सूर चढत जातो, मग लादी पुन्हा रुंद होऊ लागते. गमावलेलं असं कष्टाने परत देणारे खेळ थोडेच.

डिचोलीहून :
अजिबात पटलं नाही. यात विचार कुठे आहे? १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी टेट्रिस हा संगणकावरचा खेळ केला. सात आकार, आणि प्रत्येक कुठे बसवायचा ते आपण ठरवायचं. इथे फक्त वेळ साधायची. पणजी-मडगाव शटल बसमध्ये पोरं माना खाली घालून बसतात, जुवारीचा पूल मागे पडला तरी पत्ता नसतो. वाईट वाटतं.

साखळीहून :
मला तर एकट्याने रचणंच बेचव वाटतं. जेंगा घ्या, लेस्ली स्कॉट यांनी १९८३ मध्ये बाजारात आणलेला. ५४ लाकडी ठोकळे. एकजण रचलेल्या मनोऱ्यातून ठोकळा ओढतो आणि बाकीचे श्वास रोखून बघतात. आपली लगोरी त्याहून कठीण : सात दगड रचायचे आणि पाठीवर चेंडूही चुकवायचा. मोबाइलवर डाव संपला तर ओरडायलाही कोणी नसतं.

फोंड्याहून :
लगोरीला गडी लागतात, अंगण लागतं. भर पावसात रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघणाऱ्या बाईकडे दोन्ही नसतं. दिवसभर काम करून आलेल्या डोक्याला आणखी निर्णय नको असतात. टेट्रिसची थोरवी मान्य, पण त्या वेळी हाच खेळ बरा. फेरीबोट लागली की ठेवून द्यायचा.

डिचोलीहून :
ठेवतात का पण? हा खेळ जिंकता येतच नाही. कधीतरी हरायचं आणि लगेच पुन्हा सुरू करायचं, त्याची बांधणीच तशी आहे. मोठ्यांचं मोठे बघतील. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मात्र मी आधी जेंगाच देईन.