फ्लॅट लावल्यावर कोपरे उजळतात : दोष पॅनेलचा की वजाबाकीचा?

निशाचर :
दुर्बिणीतून घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्राला फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची फ्रेम, जिने भागून कोपऱ्यांचा काळसरपणा आणि धुळीचे डाग काढतात) लावल्यावर प्रतिमेचे कोपरे वाजवीपेक्षा उजळ झाले आणि धुळीच्या काळ्या कड्यांच्या जागी पांढऱ्या कड्या उमटल्या, की बहुतेक जण पहिला संशय फ्लॅट घेताना दुर्बिणीच्या तोंडावर ठेवायच्या एलईडी पॅनेलवर घेतात आणि नवे पॅनेल मागवतात. माझ्या मते हा खर्च बहुधा वाया जातो. फ्लॅटची दुरुस्ती भागाकाराची असते. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये जो ऑफसेट (उजेड नसतानाही येणारा ठरावीक आकडा) मिसळतो तो दुर्बिणीतून आलेला नसल्यामुळे भागण्यापूर्वी काढावाच लागतो. समजा, आकाशाचा उजेड मध्यभागी ८०० आहे, कोपऱ्यात त्याचा ७० टक्के भाग म्हणजे ५६० पोहोचतो आणि ऑफसेट ५०० आहे. डार्क (झाकण लावून घेतलेली, ऑफसेट टिपणारी फ्रेम) वजा न करता लाइट फ्रेमला, म्हणजे आकाशाच्या मूळ फ्रेमला, फ्लॅटने भागले, तर मध्यभागी १३०० राहतात आणि कोपऱ्यात १०६० भागिले ०.७, म्हणजे सुमारे १५१४ येतात. याउलट ऑफसेट केवळ फ्लॅटमधून काढायचा राहिला, तर कोपरे काळसरच राहतात.

आर्द्रा :
गणित बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. डार्क आणि डार्क-फ्लॅट (फ्लॅटमधून वजा करायची झाकण लावलेली फ्रेम) व्यवस्थित वजा करूनही कोपरे उजळ राहू शकतात, कारण न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीच्या उघड्या मागच्या टोकातून किंवा फोकसरच्या (प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी सरकणाऱ्या नळीच्या) फटीतून शिरलेला उजेड भिंगा-आरशांच्या मार्गाने येतच नाही. तो ऑफसेटसारखाच वर साचतो आणि अंधारात घेतलेल्या डार्कमध्ये दिसत नाही. शिवाय पॅनेल इतके निर्दोषही नाही. अनेक पॅनेले मंद केली की वेगाने उघडझाप करू लागतात आणि अगदी लहान एक्सपोजरला त्यांचे आडवे पट्टे फ्लॅटमध्ये उतरतात. मी म्हणूनच दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून संधिप्रकाशातले फ्लॅट घेणे पसंत करते.

निशाचर :
आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली बराच तिरपा न जाता भराभर उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश फार काळ टिकत नाही. त्यात तीन-चार फिल्टरांचे फ्लॅट उरकायचे म्हणजे तारांबळच. पट्ट्यांवर सोपा उपाय आहे : पॅनेल पूर्ण तेजावर ठेवून त्यावर कोऱ्या कागदाचे थर लावावेत आणि एक्सपोजर दोन-तीन सेकंदांपर्यंत वाढवावे. काही सीमॉस (कॅमेऱ्यातल्या) सेन्सरांचा बायस, म्हणजे उजेडाविना येणारी मूळ पातळी, अतिलहान एक्सपोजरला स्थिर राहत नाही, हा प्रश्नही त्यात सुटतो; फक्त डार्क-फ्लॅट त्याच एक्सपोजर, गेन (सेन्सरचे वर्धन) आणि ऑफसेटचे हवेत.

ध्रुवमत्स्य :
आपण दोघेही दोष फ्लॅटच्याच प्रक्रियेत आहे असे धरून चालला आहात. मुंबईजवळच्या वांगणीहून बदलापूर शहराच्या दिशेला कॅमेरा रोखला, तर एक बाजू उजळ दिसणारच. शहराचा उजेड बेरजेने येतो, त्यामुळे उत्तम फ्लॅटही तो काढू शकत नाही. मेरिडियन फ्लिपच्या (तारा मध्यान्हरेषा ओलांडताना दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवण्याच्या) आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम तारे न जुळवता शेजारी ठेवाव्यात. उजळ बाजू फ्रेममध्ये उलटली तर तो बहुधा आकाशाचा ग्रेडियंट (एका बाजूकडून दुसरीकडे बदलत जाणारा उजेड), आणि जागची हलली नाही तर दोष आपल्या यंत्रणेतला. ग्रेडियंट असेल तर तो संस्करणात वजा करावा आणि फ्लॅटच्या नादी लागू नये.

आर्द्रा :
ही कसोटी मान्य आहे, परंतु तिचा आधार घेऊन प्रत्येक उजळ कोपरा सॉफ्टवेअरने पुसण्याला माझा विरोध आहे, कारण चौकट भरून पसरलेल्या तेजोमेघाची फिकट कडही त्या वजाबाकीत जाते. आधी दुर्बिणीला झाकण लावून अंधाऱ्या खोलीत लांब एक्सपोजर घ्यावे, मग फोकसर आणि मागच्या टोकाभोवती टॉर्च फिरवत दुसरे घ्यावे. दोन फ्रेमच्या सरासरीत फरक आढळला, तर निशाचर यांची वजाबाकी कितीही शुद्ध असली तरी काळे कापड आणि चिकटपट्टी हाती घ्यावी लागेल.