१८ दिवसांचं बाळ, अंगावर पाजताना डोळ्यात पाणी येतं आणि खाली ठेवलं की लगेच जागं. मदत हवी आहे

नवीआई_धायरी:

नमस्कार मैत्रिणींनो (आणि कोणी बाबा जागे असतील तर तेही). पहाटेचे पावणेचार वाजलेत, एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

पहिलंच बाळ, मुलगी, आज १८ दिवसांची. सिझर झालं. मी माहेरी धायरीला आहे, सासर चिंचवडला. जन्माचं वजन २ किलो ९००, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ६८०. एवढं उतरतंच म्हणाले म्हणून मी निवांत होते, पण १४व्या दिवशी दाखवायला नेलं तर २ किलो ८२०. तोपर्यंत जन्माच्या वजनावर यायला हवं होतं म्हणे. डॉक्टर चिडले वगैरे नाहीत, २१व्या दिवशी परत आणा, नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करू, एवढंच बोलले. पण त्या 'वरचं दूध' शब्दाने घरात जे काही सुरू झालंय ना!

सासूबाईंचा रोज सकाळी फोन, पुरत नसेल तर पावडर आणा, उगाच हट्ट नको. आई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, मेथीची भाजी एकामागून एक समोर ठेवते, आणि मी खाल्लं की दहा मिनिटांनी विचारते, आला का पान्हा? जणू नळाला पाणी आलं का विचारतेय. नवरा शनिवार-रविवार येतो आणि सगळ्यांशी सहमत होतो.

आता मुख्य त्रास. उजव्या बाजूला चीर पडलीय. ती तोंड लावते तेव्हा पायाची बोटं आवळली जातात इतकं दुखतं, आणि परवा तिने गुळणी काढली त्यात गुलाबी रंग दिसला, माझे हातपाय गळाले, नंतर कळलं की ते माझंच रक्त. ती सोडते तेव्हा निप्पल एका बाजूने चपटं झालेलं असतं, बोरू तासल्यासारखं तिरकं. सगळे म्हणतात पहिल्यांदा दुखतंच, सवय होईल. खरंच होते?

दुसरं म्हणजे संध्याकाळी सहा ते अकरा ती सुटतच नाही. या बाजूला वीस मिनिटं, त्या बाजूला वीस मिनिटं, ढेकर, परत रड. मग मलाच वाटतं की नसेलच दूध. छाती पण आता पहिल्या आठवड्यासारखी दगड होत नाही, मऊच असते. दिवसाला लंगोट पाच-सहा ओले होतात, शी पिवळी, तीन-चारदा.

आणि झोप. मांडीवर गाढ. गादीवर ठेवलं की दीड मिनिटात टक्क डोळे. आजी म्हणते झोळी बांध, आई म्हणते सवय लावू नकोस, मालिशवाल्या मावशी म्हणतात दृष्ट लागलीय.

तर प्रश्न हाच की दूध पुरतंय की नाही हे घरी कसं ओळखायचं, आणि २१व्या दिवसाच्या आत मी काही करू शकते का? उपदेश चालेल पण 'ताण घेऊ नकोस' एवढं सोडून.

दोघांचीआई:

अगं तुझ्या त्या बोरूमध्येच उत्तर आहे. निप्पल चपटं आणि तिरकं बाहेर येतंय म्हणजे ती फक्त टोक पकडून चावतेय, आत नीट घेत नाहीये. मग तुलाही दुखतं आणि तिलाही दूध कमी मिळतं म्हणून वजन हळू. दूध तयार होण्याचा दोष असेलच असं नाही. आणि सवय वगैरे काही होत नाही, पहिले काही सेकंद ओढ बसते ते वेगळं, चीर पडून रक्त येणं म्हणजे पकड चुकतेय.

माझंही पहिलं सिझर, मांडीवर आडवं घेतलं की टाक्यांवर लाथा. मला प्रसूती वॉर्डातल्या एका सिस्टरने काखेत धरायला शिकवलं. बाळाचं अंग तुझ्या बगलेखाली, पाय मागे, उशीवर टेकवलेलं, आणि मान तुझ्या तळव्यात. डोकं मागून ढकलायचं नाही, मानेला आधार फक्त. तिचं नाक निप्पलच्या समोर आण, तोंड नाही, नाक. वरच्या ओठाला हलकं घासलं की ती जांभई दिल्यासारखा आ करते, त्या क्षणी तिला तुझ्याकडे ओढ, तू वाकून तिच्या तोंडात कोंबू नकोस. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, भोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतो आणि खालून कमी, असं झालं की बरोबर. दुखलं तर ओढून काढू नकोस, ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकव, हवा सुटते, मग परत लाव. पहिल्या दिवशी मी एका वेळेला सात-सात वेळा लावलंय.

आणि घड्याळ लावून बाजू बदलू नकोस. घोट गिळल्याचा आवाज येतोय का ते ऐक. आवाज थांबून नुसती चुळबुळ राहिली की हाताने छाती हलकी दाबून धर, परत गिळायला लागते. अगदीच थांबली की दुसरी बाजू.

सदाशिवपेठी_मावशी:

आमच्या वेळी वजनकाटे नव्हते आणि पोरं वाढली. बाळाला गुटी द्या, चाटण मधातून, पोट साफ राहतं, झोपही लागते. आणि बाळंतिणीने गार पाणी बंद.

रातराणी:

मावशी, राग नको पण मध अजिबात नाही. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी लहान बाळाला लुळेपणा येऊ शकतो. गुटी, साखरपाणी, साधं पाणी, सहा महिने काहीच नको, अगदी एप्रिलच्या उन्हाळ्यात सुद्धा. गार पाण्याचं राहू द्या, पण पाणी भरपूर प्यायलाच हवं, मी तर पाजायला बसताना तांब्या शेजारी घेऊनच बसायचे, कारण बाळ लागलं की पाच मिनिटांत घसा कोरडा.

मी २२ वर्षं प्रसूती विभागात नर्स होते, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. एक, तुझ्या डॉक्टरांची काळजी चुकीची नाही. चौथ्या ते चौदाव्या दिवसात १४० ग्रॅम म्हणजे दिवसाला १४. पहिल्या महिन्यांत साधारण २५ ते ३० अपेक्षित असतात. त्यामुळे सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा तरी जड ओले लंगोट हवेत, तुझे काठावर आहेत. उद्यापासून मोजून लिही, फ्रिजवर कागद लाव. दिवसभरात ८ ते १२ वेळा पाजणं झालं पाहिजे आणि ती तीन-चार तासांहून जास्त सलग झोपली तर सध्या उठवून पाज, निजलंय तर निजू दे हे वजन भरल्यावर.

दुसरं, छाती मऊ होणं म्हणजे दूध आटणं नव्हे. दोन-तीन आठवड्यांत शरीर मागणीप्रमाणे जुळवून घेतं, ती सुरुवातीची सूज उतरते. संध्याकाळचं सारखं लागणंही बहुतेक बाळं करतात, दूध वाढवायची ती त्यांची रीत. पण त्या वेळी कंटाळून वरचं दिलं की छाती रिकामी होत नाही आणि दुसऱ्या दिवशी खरंच कमी बनतं. वजनासाठी जास्तीचं द्यावंच लागलं तर आधी तुझंच काढलेलं, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. काढलेलं दूध बाहेर चार तास ठेवता येतं, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर काढल्यावर लगेच फ्रिजमध्ये. आणि डॉक्टर म्हणाले की पावडर लागेलच, तर थोडे दिवस द्यायचं, त्यात तुझी हार नाही.

२१व्या दिवसाची वाट न बघता उद्याच फोन कर आणि विचार की स्तनपान सल्लागार, म्हणजे लॅक्टेशन कन्सल्टंट, कोण आहे. पुण्यात बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत असतात. त्यांच्यासमोर बसून पाज, आणि बाळाची जीभ खालून चिकटलेली नाही ना तेही बघायला सांग. बाळ मलूल वाटलं, प्यायला उठेना, १००.४ च्या वर ताप, शू कमी झाली, पिवळेपणा वाढला तर तेव्हा थांबायचं नाही, थेट न्यायचं. तुला थंडी वाजून ताप आणि छातीचा एक भाग लाल, गरम झाला तरी तेच, पण पाजणं थांबवू नकोस. चिरेवर पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध लावून वाऱ्यावर सुकू दे.

आणि मालिशवाल्या मावशी बाळाची छाती पिळत असतील तर हात धर. बऱ्याच जणी पिळतात. जन्मतः थोडी सूज असते ती आपोआप जाते, पिळून गळू होतं.

कोथरूडकर_बाबा:

जागा आहे, पाच आठवड्यांचा मुलगा. झोपेचं सांगतो. आम्ही त्याला बूड आधी, मग पाठ, शेवटी डोकं असं ठेवतो, आणि हात लगेच काढत नाही, छातीवर दोन मिनिटं ठेवतो. गार चादर हे मोठं कारण निघालं, आता आधी त्यावर बायकोची वापरलेली ओढणी अंथरून ऊब आणतो आणि बाळ ठेवताना काढून घेतो. पाठीवरच झोपवतो, उशी-दुलई काही नाही. झोळीत गाढ झोपतो पण हनुवटी छातीला टेकलेली दिसली म्हणून रात्री बंद केली.

आणि तुझा नवरा सहमत होण्यापेक्षा ढेकर काढू शकतो, त्या कामासाठी अंगावर पाजावं लागत नाही. चिंचवडहून धायरी लांब आहे मान्य, पण आठवड्यात एक रात्र येऊन बारा ते चार घे म्हणावं.

नवीआई_धायरी:

उशिरा लिहितेय. १९व्या दिवशी सल्लागार बाईंकडे गेलो. जीभ ठीक आहे. पकडच चुकत होती, काखेतली पद्धत त्यांनीही तीच दाखवली आणि सातव्या नाही, चौथ्या वेळेला लागली. दुखलं नाही म्हणून मी रडले, बाई म्हणाल्या आता का रडता. दोन दिवस दिवसातून तीनदा हाताने काढून २०-२५ मिली बोंडल्याने दिलं, आईला ते काम मिळाल्यापासून ती खुश आहे आणि पान्ह्याची चौकशी थांबलीय.

आज २१वा दिवस. वजन २ किलो ९८०. लंगोट काल आठ, कागद फ्रिजवर आहे, सासूबाईंना फोटो पाठवला. डॉक्टर म्हणाले पावडर नको, दहा दिवसांनी दाखवा.

उजवी चीर भरतेय, अजून झोंबते. संध्याकाळचे सहा ते अकरा तसेच आहेत, फक्त आता मी जेवण साडेपाचलाच उरकते. नवरा बुधवारी येणार म्हणालाय, बघू. मालिशवाल्या मावशींना छाती पिळू नका म्हटलं तर रुसल्या, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण येतायत.